‘ओळखीचा मिस्त्री असताना परवाना कशाला?’ या मेसेजला उत्तर

घराच्या दुरुस्तीबद्दलचा एक मेसेज सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सतत फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच: ‘परवाना आणि विमा म्हणजे ठेकेदारांनी दर वाढवायला शोधलेलं निमित्त. परवाना नुसता कागद असतो, अनुभव महत्त्वाचा. ओळखीचा मिस्त्री रोजावर लावा, बरेच पैसे वाचतील. मजुराला काही झालं तर ते त्याचं तो बघेल. आणि घर आपलं आहे, आत काय तोडायचं ते आपण ठरवू.’

मी अकरा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हा मेसेज मला आला की राग येतो. तो ज्यांच्यापर्यंत पोचतो, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यभराची पुंजी त्या एका घरात घातलेली असते.

त्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. गवंडी, रंगारी, सुतार, लाद्या बसवणारा यांना आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. त्यांचा हात हीच त्यांची ओळख, आणि वीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला मी कागद मागून कमी लेखणार नाही. पण याच खऱ्या गोष्टीच्या आडून मेसेज वीज आणि इमारतीचा सांगाडाही त्याच माणसाच्या हाती देऊन टाकतो.

विजेचंच बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायला सूट आहे. वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम मात्र राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं, तेही प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. रेष इथे का ओढली, ते गिझरच्या उदाहरणावरून कळतं. दोन हजार वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर करंट ओढतो. बाथरूमच्या दिव्यासाठी टाकलेल्या जुन्या, बारीक वायरवर तो जोडला तर पहिल्या दिवशी पाणी छान तापतं. पुढच्या दिवशीही तापतं. भिंतीच्या आत इन्शुलेशन कडक होत, तडकत जातं, आणि ते कुणाला दिसत नाही. मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप वीज तोडणारं बटण, सारखा पडायला लागतो. त्यावर ‘ओळखीचा’ माणूस उपाय काय करतो? मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवतो! म्हणजे वायरला वाचवण्यासाठी जे बसवलेलं असतं, तेच काढून टाकतो. अर्थिंग तपासत नाही. 30 मिलीअँपिअर करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी, जो ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसाचा जीव वाचवतो, त्याचा तर विषयच निघत नाही. परवानाधारक माणूस चुकतच नाही, असं मी म्हणत नाही. पण नवीन जोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर त्याची सही आणि परवाना क्रमांक असतो. चूक झाली तर तो परवाना जाऊ शकतो. नाक्यावरच्या माणसाचा फक्त फोन बंद होतो.

‘घर आपलं आहे’ हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. फ्लॅट तुमचा असेल, पण त्यातला खांब वरच्या प्रत्येक घराचा असतो. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. मेलेल्या रहिवाशांनी काहीही तोडलं नव्हतं.

इतकं टोकाचं काम आपण करणार नाही, असं प्रत्येकाला वाटतं. पण कन्सील्ड पाइपसाठी बीममध्ये झिरी मारताना सळई कापली जाते, ती मारणाऱ्याला ‘बारीक सळई होती’ एवढंच दिसतं. हॉल मोठा करायला पाडलेली भिंत आरसीसी इमारतीत, म्हणजे सळई-काँक्रीटच्या खांबांवर उभ्या इमारतीत, बहुधा नुसती भरावाची असते. जुन्या लोड बेअरिंग इमारतींत मात्र असे खांब नसतातच, भिंतच भार पेलते. बाहेरून गिलावा दोन्हींचा सारखाच. कुठली भिंत काय पेलते, हे महापालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर नकाशा आणि जागा पाहून सांगतो. त्याची फी एका चांगल्या सोफ्यापेक्षा कमी असते, तरी लोक आधी सोफा घेतात.

आता मजुराचं. ‘त्याचं तो बघेल’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ती वेळ पाहिलेली नाही. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी बाहेरच्या भिंतीला रंग द्यायला नाक्यावरून दोन माणसं आणली. परांची नाही, कमरेला पट्टा नाही. छज्ज्यावर उभं राहून काम चाललं होतं. त्यातला चोवीस वर्षांचा मुलगा पाय घसरून खाली पडला. मणक्याला मार लागला. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला, पेशंटबरोबर कोण आहे? दुसरा प्रश्न डिपॉझिटचा होता. संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला आले आणि त्यांनीही तेच विचारलं: कामावर कुणी ठेवलं? मध्ये ठेकेदार नव्हताच, त्यामुळे उत्तर एकच होतं. गुरुजी माणूस म्हणून सज्जन. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून खर्च केला. तरीही त्या मुलाला जे मिळायला हवं होतं त्याच्या जवळपासही ते पोचलं नाही.

ते किती, याचं गणित कायद्यात आहे. कर्मचारी भरपाईच्या सूत्रात मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. महिना 15,000 धरला आणि वय 25 असलं, तर गुणक 216.91, म्हणजे भरपाई सव्वासोळा लाखांच्या वर. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला वेतनाचा हिस्सा याहून मोठा, 60 टक्के. ठेकेदाराने आपल्या माणसांचा विमा काढलेला असेल तर हा भार विमा कंपनीवर जातो. माणूस तुम्हीच रोजावर लावला असेल, तर त्याला कामावर ठेवणारा मालक कोण हा वाद तुमच्या दारात येतो. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू झाला असं ठरलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कैदेवर कुठला विमा चालत नाही.

पैसे वाचण्याबद्दल थोडक्यात. ‘परवानावाला म्हणजे 18 टक्के जीएसटी’ असंही लोक म्हणतात, ते चूक आहे. परवाना वेगळा, जीएसटी वेगळा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागतच नाही. पक्कं बिल मात्र जरूर घ्या. काम बिघडलं तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. चिठ्ठीवरच्या हिशेबावर तिथे भांडणं फार कठीण जातं.

ओळखीच्या मिस्त्रीला सोडा, असं मी कुणालाच सांगत नाही. आमच्याकडे आजही तोच गवंडी येतो. वायरिंगचं काम मात्र परवानाधारकाकडे जातं, आणि काम सुरू व्हायच्या आधी विम्याची पॉलिसी हातात घेऊन वाचली जाते: मुदत काम संपेपर्यंत आहे का, त्यात माणसं किती धरली आहेत, उंचीवरचं काम त्यात बसतं का. छोट्या ठेकेदाराकडे पॉलिसी नसेल तर विमा कंपन्या ठरावीक कामापुरतीही देतात. गेल्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी आम्ही तिचा हप्ता अंदाजपत्रकात वेगळी ओळ घालून ठेकेदाराला दिला, आणि पॉलिसीची प्रत मिळाल्यावरच परांची बांधू दिली.