पहिला पॅच सगळेच पाठवतात, दुसऱ्या वर्षी कोण उरतं?

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमधलं एक्सझेड युटिल्सचं प्रकरण आठवतंय? मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने, लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. तो खोदत गेला आणि जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत शिरायच्या बेतात असलेलं बॅकडोअर, म्हणजे छुपी चोरवाट, सापडलं. सुरक्षेच्या अंगाने यावर भरपूर लिहून झालंय. मला त्यातली माणसं जास्त छळतात.

फाइली कॉम्प्रेस करणारं हे छोटं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचा लासे कोलिन ते वर्षानुवर्षं जवळपास एकटा आणि फुकट सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जण त्याच्या हात धुऊन मागे लागले. लोकांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, का पडून आहेत? जमत नसेल तर दुसऱ्याला दे ना! त्यातल्या एकाने 'जिगर कुमार' असं आपल्याकडचं वाटणारं नाव लावलं होतं. ही खाती बहुधा बनावटच. लासेने सरळ सांगितलं की मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारी आहेत, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही ध्यानात ठेवा.

त्याच काळात 'जिया टॅन' नावाने कुणीतरी निमूटपणे पॅच पाठवत होतं. नम्र, नियमित, कंटाळवाण्या कामालाही तयार. दोन वर्षांहून जास्त. हळूहळू रिलीज काढायचे अधिकार त्याच्याकडे आले आणि बॅकडोअर त्यानेच बसवलं. सगळं उघडकीला आल्यावर साफसफाई कुणी केली? लासेनेच. मे महिन्यात स्वच्छ आवृत्ती काढली.

म्हणजे चिकाटीने टिकला तो चोर. मग प्रामाणिक माणसं कुठे होती?

येणाऱ्यांचा तुटवडा नाही हो. ओपन सोर्सला हातभार लावा म्हणणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारा अशा विनंत्या) लागायच्या, तर लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत, एखादा शब्द घुसडून मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या मंडळींना इतकं पिडलं की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला वेबसाइटी बनवायला वापरतात त्या एक्सप्रेस प्रकल्पाच्या रीडमीत आपापली नावं घालायला झुंबड उडाली, त्यात आपल्याकडची पोरं भरपूर. त्यांना नावं ठेवून काय उपयोग? प्लेसमेंटसाठी रेझ्युमेवर 'ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूटर' लिहा असं आपणच शिकवतो. नव्याचे नऊ दिवस संपले की पोरगं गायब.

आणि जो खरंच मनापासून येतो, त्याचा पहिला पॅच तीन महिने बघितलाच जात नाही. मेंटेनर नोकरी करून रात्री अकराला लॅपटॉप उघडतो, तो तरी किती बघणार? नवा कोड लिहायला मजा येते. बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून बघणं, तुटलेल्या टेस्ट दुरुस्त करणं, दुसऱ्याचा पॅच ओळ न् ओळ वाचणं, यात मजा नाही आणि रेझ्युमेवर ओळही नाही. मिरवणुकीला सगळे, मांडव सोडायला दोघं, तसलं काम.

पैसा लागतो, वाद नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड उघड झालं तेव्हा निम्म्या इंटरनेटचा भार पेलणाऱ्या, माहिती कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. अब्रू गेल्यावर कंपन्यांनी खिशात हात घातला. आपल्याकडे शेअर ब्रोकर झेरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्याचं कौतुकच आहे. पण चेक आला म्हणून पॅच वाचून होत नाहीत. त्याला तास लागतात, तेही माहितगार माणसाचे. ज्या लायब्ररीवर आपलं प्रॉडक्ट उभं आहे तिच्यासाठी टीममधल्या एकाला आठवड्यातून एक दुपार द्या, पगारी वेळेत. शनिवार-रविवारी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगू नका. लग्न, ईएमआय, लहान मूल, यांतलं काहीही आलं की पहिली सुटते ती हीच भाकरी, आणि ते बरोबरच आहे.

हे मांडलं की मॅनेजर विचारतो, "बिलेबल आहे का?" म्हणजे या तासांचं बिल क्लायंटला लावता येईल का. तुमच्याकडे कुणी असा वेळ मिळवला असेल तर कसा मागितलात ते खाली लिहा. अप्रेजल जवळ आलंय.