चार कप आंबा

करायला गेलो जॅम, झाला आमरस. तेही मला बायकोने "छान झालाय, पुऱ्या तळू का?" असं विचारल्यावर कळलं. रेसिपी अमेरिकन, तिच्यात चार कप चिरलेला आंबा आणि तीन कप साखर, वीस मिनिटं आटवा. मी शहाणा, कप म्हणजे अडीचशे मिली, म्हणजे अडीचशे ग्रॅम, असं म्हणून काट्यावर बरोब्बर किलोभर फोडी मोजल्या. पण तो हिशेब पाण्याचा! फोडींच्या मधे हवा असते, कपभर फोडी भरतात जेमतेम 165 ग्रॅम. म्हणजे हवे होते 660, गेले हजार.

म्हणून काल शुक्रवारी परत म्हापशाच्या बाजारात. मानकुराद या गोव्याच्या आंब्याच्या टोपलीसमोर बसलो आणि चुकून तोंडातून निघून गेलं, "मावशी, 660 ग्रॅम फोडी निघायला किती आंबे लागतील?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "डझनान विकतां, ग्रामांनी न्हय."

एवढ्यावर संपलं असतं. पण शेजारी छत्री काखेत मारून एक रिटायर्ड मास्तर आंब्यांचे देठ हुंगत उभे होते. ते वळले.

"फोडी केवढ्या?"

"म्हणजे?"

"बोटाच्या पेराएवढ्या की बोराएवढ्या? मोठ्या केल्यास तर कपात पोकळी जास्त, वजन कमी. सांग."

मी सेहेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, आणि मी बोटाचं पेर दाखवलं.

"बरं. कप शीग लावून की सपाट?"

"सपाट."

"दाबून की सैल? दाबलास तर रस निघेल, रस पोकळीत शिरेल, मग वजन वाढलं की नाही? आता साल आणि बाठा. आंब्यातला तिसरा हिस्सा गेला समज. तर 660 ग्रॅम गर निघायला अख्खा आंबा किती? तोंडी!"

मी मोबाइल काढला. "तोंडी म्हटलं मी," मास्तर म्हणाले. टोपलीभोवती चार माणसं जमली होती, त्यातला एक मासळीची पिशवी घेऊन नुसता उत्तर ऐकायला थांबला होता. मी म्हटलं, "आठशे?" मास्तरांनी मावशीकडे बघून मान हलवली, अशी की या पोराचं काही खरं नाही. "दहा कमी एक हजार. नऊशे नव्वद! आणि करणार काय एवढं मोजून?"

"जॅम."

"मानकुरादचा?" हे मावशी. आता मात्र ती खरंच चिडली. "बाठे काडून जॅम करता?"

खरं सांगायचं तर आजीची वाटी होती तेव्हा हे काही नव्हतं, तिची एकच वाटी, आंबाही तिनेच आणि साखरही तिनेच, चुकलं तर घरात कुणाला कळायचंसुद्धा नाही. आता अर्धी रेसिपी कपात, काटा ग्रॅममधे, मावशी डझनात, आणि मार खातो मी. त्या रेसिपीवालीला कंसात 660 ग्रॅम लिहायला काय झालं होतं? दोन सेकंदांचं काम!

या वर्गात मी उभा असताना एक बाई आली, भाव विचारला नाही, चांगला डझन उचलून गेली. उरले ते डागी.

मी दोन अननस घेतले. मास्तर मागून ओरडले, "अननसाचा कप किती भरतो रे?"

तोही 165 च. पण मी सांगितलं नाही.