आधी मागण्या वाचा, मग ‘नाटक’ म्हणा

कुठल्याशा तुरुंगात कुणी अन्न सोडलं, की दोन-चार दिवसांत तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "तुरुंगातलं उपोषण म्हणजे शुद्ध नाटक. मरत-बिरत कुणी नाही, रात्री गुपचूप खातात. राजकीय कैदी वगैरे काही नसतं, सगळे गुन्हेगार. सरकारला वेठीला धरण्याचा प्रकार आहे हा. सरळ नळी घालून खाऊ घाला. सामान्य माणसाला यांच्याशी काही देणंघेणं नाही." मला हा मजकूर पाठवणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यातलं एक माणूस तर कुणाच्याही आजारपणात रात्र रात्र उशाशी बसणारं. म्हणूनच दुर्लक्ष न करता एकेक वाक्य घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

"मरत कुणी नाही." भगतसिंगांचे सोबती जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात वारले, उपोषणाच्या ६३व्या दिवशी. वय २४. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर वारले. उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगात १९८१ साली एकामागोमाग एक दहा जण मेले. सगळ्यात आधी बॉबी सँड्स, ६६व्या दिवशी. त्या दहांपैकी सगळ्यात कमी काळ तग धरलेला ४६ दिवस जगला, सगळ्यात जास्त तग धरलेला ७३. सोव्हिएत तुरुंगात अनातोली मार्चेंको १९८६च्या डिसेंबरमध्ये, क्युबात ओर्लांदो सापाता २०१० साली, इस्रायलच्या तुरुंगात खादर अदनान २०२३ साली. यादी इथे संपत नाही, पण "कुणी नाही" हे खोटं ठरवायला एवढी पुरे.

आणि मरण न येताही काय होतं, ते जवळून पाहिलं पाहिजे. पहिल्या एक-दोन दिवसांत यकृतातली साठवलेली साखर संपते. मग चरबी जळू लागते, चरबीबरोबर स्नायूही. पोट कुरतडणारी भूक काही दिवसांनी बरीचशी ओसरते, आणि तिथून खरा धोका सुरू होतो, कारण आता शरीर ओरडत नाही, नुसतं झिजत जातं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगावर पांघरुणं घातली तरी थंडी जात नाही. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आला की डोळ्यांचे स्नायू ताब्यात राहत नाहीत: बुबुळं आपोआप हलतात, एकाची दोन दिसतात, घोटभर पाणीही उलटून पडतं. तुर्कस्तानात २००० नंतरच्या उपोषणांतून वाचलेल्या कित्येकांची स्मरणशक्ती कायमची गेली. उपोषण सोडतानाही सुटका नसते. एकदम पोटभर खाल्लं तर रक्तातले क्षार झपाट्यानं घसरून हृदय बंद पडू शकतं.

"गुपचूप खातात." हा संशय फार जुना आहे, आणि तो घेणारी माणसंही लहानसहान नव्हती. १९४३च्या फेब्रुवारीत गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत, २१ दिवसांचं उपोषण केलं. वय ७३. लंडनहून चर्चिल यांनी व्हाइसरॉयला विचारणा केली की, हा माणूस पाण्यातून ग्लुकोज घेतो असं ऐकलंय, खरं का ते तपासा. तिथे हजर असलेल्यांना तसं वाटत नाही, असं उत्तर गेलं. मोसंबीचा किंवा लिंबाचा रस पाण्यात घेणं हे काही लपवलेलं नव्हतं. त्याच उपोषणाच्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. त्यांत यवतमाळचे बापूजी अणे होते. आतली माहिती असलेली ही माणसं. नाटकासाठी कुणी पद सोडत नाही.

साधा विचार करा: तुरुंगात खाणं येतं कुणाच्या हातून? कुलूप त्यांचं, ताट त्यांचं, वजनकाटाही त्यांचाच. मेझमध्ये सँड्सच्या कोठडीत जेवण वेळच्या वेळी आणून ठेवलं जायचं. हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. काही उपोषणकर्ते मीठ, साखर, जीवनसत्त्वं घेतात हे खरं आहे, आणि तसं घेतल्यानं दिवस वाढतात हेही खरं. ते सांगून, उघडपणे घेतात. त्याला चोरी म्हणता येत नाही.

सप्टेंबर १९२९ मध्ये केंद्रीय विधिमंडळात एक विधेयक आलं: आरोपी उपोषणानं कोर्टात येऊ शकत नसेल तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवायची मुभा द्या. भगतसिंग आणि त्यांचे सोबती डोळ्यांसमोर ठेवूनच ते आणलं होतं. विरोधात बोलणाऱ्यांत जीना होते. स्वतःला उपाशी मारणं हे येरागबाळ्याचं काम नाही, थोडा वेळ करून बघा म्हणजे कळेल, असं त्यांनी सरकारी बाकांना सुनावलं. त्यांचं भाषण १२ आणि १४ तारखेला झालं. मधल्या तेरा तारखेला दास गेले होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वाक्य: "वेठीला धरतात." इथे मजकूर फिरवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. त्यांनी नेमकं मागितलं काय होतं, हे वाचलंत का?

लाहोरच्या कैद्यांच्या मागण्या: खाण्याजोगं अन्न, सक्तीच्या कष्टांतून सूट, वाचायला पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, अंघोळीचं साहित्य. साध्या चोरीत सापडलेल्या युरोपीय कैद्याला निव्वळ कातडीच्या रंगावर जे मिळत होतं, त्याच्या आसपासचं काहीतरी. मेझच्या कैद्यांच्या मागण्या पाच होत्या: स्वतःचे कपडे घालू द्या, तुरुंगातलं काम नको, इतर कैद्यांत मिसळू द्या, आठवड्याला एक भेट, एक पत्र नि एक पार्सल मिळू द्या, कापलेली शिक्षेतली सूट परत द्या. अंदमानात १९३३ साली जे उपोषण झालं त्यात चांगलं अन्न, कोठडीत दिवा आणि वाचायला पुस्तकं एवढं मागताना तीन जण गेले. कॅलिफोर्नियात २०१३ साली सुमारे ३०,००० कैद्यांनी जेवण नाकारलं, तेव्हा मुख्य मागणी होती की माणसाला वर्षानुवर्षं एकट्याला कोंडून ठेवू नका. दोन वर्षांनी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत तिथली बेमुदत एकांतकोठडी बंद झाली.

यातल्या कुठल्या मागणीनं राज्य कोसळणार होतं? वेठीला धरायला समोरच्याची नस हातात असावी लागते. कैद्याच्या हातात असतं फक्त स्वतःचं शरीर. दार, दिवा, पत्र, भेट, औषध, सगळं समोरच्याकडे. प्रत्येक उपोषणाची मागणी रास्तच असते असं मी म्हणत नाही. तुरुंगातल्या सोबत्यांचा दबाव असतो, कधी मागणी अवाजवीही असते. पण ते ठरवायलासुद्धा आधी यादी वाचावी लागते. फिरणाऱ्या मजकुरात यादी कधीच नसते, हे मला फार खटकतं.

"सगळे गुन्हेगार." ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही १९८१ साली हेच म्हटलं: गुन्हा तो गुन्हाच, त्यात राजकीय काही नाही. मेझमधले ते दहा जण सशस्त्र संघटनांचे सभासद होते, त्या संघटनांनी निरपराध माणसं मारली होती, हे झाकायचं कारण नाही. भगतसिंगांनाही तेव्हा विधिमंडळातल्या बॉम्बसाठी जन्मठेपेची शिक्षा झालेलीच होती. पण कोर्ट शिक्षा देतं ती कैदेची. पुस्तक न मिळण्याची, उजेड न मिळण्याची, आईचं पत्र अडवलं जाण्याची शिक्षा कुठल्या निकालपत्रात लिहिलेली असते? आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये उपोषण थांबल्यावर तीनच दिवसांत सरकारनं स्वतःचे कपडे घालायला परवानगी दिली. दहा जण गेल्यावर जे देता आलं, ते पहिला जायच्या आधीही देता आलं असतं.

"नळी घालून खाऊ घाला." ऐकायला दयाळू वाटतं. प्रत्यक्षात चार-सहा जण हातपाय आणि डोकं दाबून धरतात. रबरी नळी नाकातून किंवा पाचर घालून उघडलेल्या तोंडातून खाली सरकवली जाते. वरच्या नरसाळ्यातून दूध ओततात. माणूस धडपडला आणि नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली, तर दूध फुफ्फुसात उतरतं. अंदमानात महावीर सिंह असेच गेले. जतींद्रनाथांची प्रकृती ढासळली तीही जबरदस्तीच्या अशाच प्रयत्नानंतर.

इथे लेडी कॉन्स्टन्स लिटन यांची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रिया १९०९ पासून तुरुंगात उपोषणं करू लागल्या आणि त्यांना जबरदस्तीनं भरवणं सुरू झालं. लिटन या माजी व्हाइसरॉयच्या कन्या. त्यांनी उपोषण केलं तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय नाजूक आहे म्हणाले आणि सोडून दिलं. त्यांना शंका आली. १९१० सालच्या जानेवारीत त्यांनी केस कापले, स्वस्तातले कपडे आणि चष्मा चढवला, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई झाल्या आणि लिव्हरपूलमध्ये अटक करवून घेतली. हृदय तेच होतं. या वेळी ते कुणी तपासलं नाही. आठ वेळा नळी घातली. ओळख उघड झाल्यावर सुटका. प्रकृती मात्र पुन्हा कधी पूर्ण सावरली नाही. जीव वाचवणं हाच हेतू असता, तर जेन वॉर्टनच्या छातीलाही कुणीतरी कान लावला असता.

जागतिक वैद्यक संघटनेनं १९७५च्या टोकियो आणि १९९१च्या माल्टा जाहीरनाम्यात डॉक्टरांसाठी नियम घालून दिले, ते अशा अनुभवांतूनच. माणूस शुद्धीवर आहे, परिणाम समजून नकार देतो आहे, तर त्याला बळजबरीनं भरवायचं नाही. डॉक्टरनं त्याच्याशी एकट्यानं बोलायचं, सोबत्यांचा दबाव आहे का हेही तपासायचं. मरू द्या आणि नळी घाला, या दोनच वाटा असतात असं समजणाऱ्यांनी तिसरी बघावी: तुरुंगाधिकाऱ्यानं खुर्ची ओढून समोर बसायचं आणि बोलायचं.

उपोषणाला आत्महत्या म्हणणाऱ्यांना मणिपूरच्या इरोम शर्मिला आठवत असतील. इंफाळजवळच्या मालोममध्ये नोव्हेंबर २००० मध्ये आसाम रायफल्सच्या गोळीबारात दहा नागरिक गेले. त्यानंतर तिनं अन्न सोडलं. मागणी एका ओळीची: सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा मागे घ्या. तिच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम लावलं. त्याची कमाल शिक्षा एक वर्ष, म्हणून दर वर्षी सोडायचं आणि पुन्हा धरायचं. इस्पितळाच्या खोलीत नाकात नळी. २०१४ साली इंफाळच्या कोर्टानं ही आत्महत्या ठरत नाही असं म्हटलं, तरी तिला पुन्हा धरलं. मला मरायचं नाही, मला जगायचंय, हे ती सतत सांगत होती. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं ते जुनं सरसकट कलम नाही. पण सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद, असं कलम २२६ आहे. उपोषणाला आत्महत्या समजणारी नजर उद्या त्या कलमात कुणाकुणाला बसवेल याची मला काळजी वाटते.

राहिलं "सामान्य माणसाला देणंघेणं नाही." दासांचा देह लाहोरहून आगगाडीनं कलकत्त्याला नेला, तेव्हा वाटेवरच्या स्थानकांवर माणसं उभी होती आणि कलकत्त्यात अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी लोटली. सँड्सला उपोषण चालू असताना ३०,४९२ मतं देऊन लोकांनी ब्रिटिश संसदेवर निवडून दिलं. त्यानंतर सरकारनं कायदाच बदलला, म्हणजे एक वर्षाहून जास्त शिक्षा भोगणाऱ्याला पुन्हा उभं राहता येणार नाही.

तरीही या वाक्यात थोडं खरं आहे, ते कबूल करते. लोक उपोषणावर प्रेम करतात, मागणीवर करतीलच असं नाही. ‘नाटक’ म्हणणारा मागण्या वाचत नाही, तसा फोटोला हार घालणाराही कित्येकदा वाचत नाही. शर्मिलानं ९ ऑगस्ट २०१६ रोजी तळहातावरचा मध चाटून उपोषण सोडलं आणि सांगितलं, आता निवडणूक लढवून हाच कायदा घालवायचा प्रयत्न करीन. सोळा वर्षं तिच्या नावानं मेणबत्त्या पेटवल्या गेल्या होत्या. त्या रात्री तिला राहायला जागा मिळेना. वस्तीतल्यांनी नकार दिला, आणि ती त्याच इस्पितळात परत गेली. सात महिन्यांनी मतमोजणी झाली. तिला ९० मतं पडली.