वाद नारळाचा, हरवतंय कोकम

सोलकढीत डब्यातलं नारळाचं दूध चालतं की नाही, हा वाद दर उन्हाळ्यात आमच्या नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत नव्याने पेटतो. एका बाजूचं म्हणणं असं की आडाळ्यावर बसून नारळ खोवला नाही, तो चव (खोवलेलं खोबरं) वाटून पिळला नाही, तर ती सोलकढीच नव्हे. दुसऱ्या बाजूला सकाळची लोकल गाठणाऱ्या बायका. त्यांना या वादात बोलायलाही सवड नसते. २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर नारळाचे भाव चढले आणि त्यात महागाईचीही भर पडली. हे सगळं मी जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये बसून ऐकते. नारळासाठी आपण इतकं भांडतो आणि कोकम ताटातून निघून चाललंय तिकडे कुणाचं लक्ष नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नारळाची काळजी करायला नको. तो इथे हवा तितका मिळतो. थायलंडच्या नारळदुधाचे डबे साध्या जर्मन सुपरमार्केटात असतात, आणि श्रीलंकेतल्या तमिळ लोकांच्या दुकानात खोवून गोठवलेलं ओलं खोबरं मिळतं. डब्यातलं दूध डब्यातच उकळलेलं असतं. आमटीला ते चालून जातं, पण सोलकढी कधी विस्तवावर चढत नाही, त्यामुळे तिच्यात तो शिजका वास लपत नाही. गोठवलेलं खोबरं मात्र उत्तम. एवढंच पाहायचं की पाणी कोमट हवं, कारण खोबऱ्यातलं तेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं आणि इथल्या हिवाळ्यात गार पाण्याने दूध काढलं की वर पांढरे कण तरंगतात. कोमट पाणी, मिक्सर, पातळ फडकं, बस्स. माझ्या आईने जन्मभर पाट्यावर वाटप वाटलं. तिची मनगटं आता भाकरी थापताना दुखतात. अस्सल चवीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः रोज नारळ खोवला, हे मला विचारावंसं वाटतं. बाईचे कष्ट वाचत असतील तर खोबरं गोठवलेलं असो की मिक्सरमधलं, मी त्याच्या बाजूने आहे.

नारळावरून इथेही एकदा वादळ झालं. २०१८ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या प्राध्यापक कारिन मिशेल्स यांनी एका व्याख्यानात खोबरेल तेलाला ‘निव्वळ विष’ म्हटलं. भारतातून सरकारी पातळीवर निषेध झाला आणि आमच्याकडे फोनवर फोन, ‘आमच्या आज्या नव्वदीपर्यंत जगल्या त्या काय विष खाऊन?’ मला दोन्ही सूर पटले नाहीत. खोबरेलात संपृक्त मेद ऐंशी टक्क्यांहून जास्त असतो, तेव्हा ते औषध म्हणून चमच्याने पिऊ नये हे खरंच. पण चार माणसांच्या आमटीतलं अर्ध्या नारळाचं वाटप ही वेगळी गोष्ट आहे. आपला नारळ इतका बलवान आहे की त्याला शिव्या द्यायलाही जग जमतं आणि त्याची बाजू घ्यायलाही. कोकमाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

आणि कोकमाला पर्याय नाही. चिंच गडद असते आणि मागे गोडसर जडपणा ठेवते. लिंबू जिभेवर झणकन लागतं आणि लगेच संपतं. टोमॅटो तर पाणीच सोडतो. कोकमाचा आंबटपणा उशिरा येतो, मिठाशी जुळवून घेतो आणि तोंडातला तेलकटपणा धुऊन नेतो. इथे बांगडा मिळत नाही. त्याच्याच कुळातला अटलांटिक माकरेल मिळतो, तोही बहुतेक धुरावलेला. ताजा मिळाला तर चांगलाच तेलकट असतो. त्याचं तिखलं करताना चार आमसुलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, आणि ठेचलेली तिरफळं पडली की तो मासा आपला वाटायला लागतो. कुळथाच्या पिठीत आमसूल नसेल तर ती नुसती पेज. अळवाच्या फतफत्यात आंबट नसेल तर घसा खवखवतो. खोबऱ्याचा कण नसलेली, हिंग-जिऱ्याच्या फोडणीची फुटी कढी तर केवळ कोकमावर उभी असते. लसूण घालायची की नाही यावर सारस्वतांच्या आणि बाकीच्या घरांत मतभेद असतील. ते असू देत. सोलं, म्हणजे आमसुलंच, सगळ्यांच्याच डब्यात असतात.

निदान असायची. आता मुंबईत नात्यातल्या घरी जेवायला गेलं की माशाच्या आमटीत टोमॅटो आढळतो. ‘मालवणी’ पाटी लावलेल्या हॉटेलांत दाट, लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा येतो आणि सोबत बिटाने किंवा रंगाने गुलाबी केलेली सोलकढी. घरची आमटी पातळ असते, भाताला धरेल इतकीच, आणि तिचा रंग मिरचीपेक्षा खोबऱ्याचा जास्त असतो. त्या हॉटेलांत ज्या पिढीची जीभ घडतेय, तिला आमसूल चाखल्यावर काय आठवणार?

इथे दुकानात कोकम म्हणून जे मिळतं, त्यात कित्येकदा केरळची कुडमपुळी निघते. ती कोकमाच्याच जातकुळीतली, पण धुरावर वाळवलेली. केरळच्या माशाला ती छान लागते, सोलकढीत मात्र दूध काळवंडतं आणि धुराचा वास येतो. खरं कोकम मिळालंच तर त्याचा चिकट काळा गोळा झालेला असतो. कुठल्या गावचं, कुठल्या वर्षीचं, काही लिहिलेलं नसतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी इथे विकत घेतलेल्या एकाही पुडीवर त्याचा उल्लेख नव्हता.

आमसूल करणं किती कष्टाचं, हे सावंतवाडीकडच्या माझ्या माहेरात मी लहानपणापासून पाहिलंय. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, म्हणजे नेमके आंबा-काजूच्या धांदलीत. झाड उंच, काढायला माणूस मिळत नाही, खाली पडलेलं फळ तिथेच कुजतं. काढलेच तर फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं कितीतरी वेळा, तेव्हा ती काळीभोर मऊ सोलं होतात. बियांतून मुटेल निघतं, ते हिवाळ्यात भेगांना लावायचं. यासाठी कडक ऊन हवं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला. अंगणात पसरलेली सालं अशा वर्षी कुणी कुठे वाळवायची?

त्यात बियांपासून लावलेल्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळतं फुलोरा आल्यावर, काही वर्षं झाड सांभाळून झाल्यानंतर. यावर कलमं हाच उपाय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ अशा जातीही दिल्यात. म्हणजे ज्ञान आहे, मानांकन आहे. नाही ती मागणी, आणि मागणी भाषणांनी येत नाही, स्वयंपाकघरातून येते. गुजरातेतल्या वलसाडने हापूसच्या नावावर दावा सांगितला तेव्हा कोकणातले बागायतदार विरोधाला उभे राहिले, ते योग्यच होतं. तेवढा जीव रातांब्यासाठी कुणी लावताना मला दिसत नाही.

मी राहते त्या भागात, श्वाबियात, उतारांवर सफरचंदाची जुनी, विखुरलेली झाडं आहेत. फळ लहान, डागाळलेलं, बाजारात उभं न राहणारं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक ती पोत्यांत भरून गावच्या घाण्यावर नेतात आणि पैसे देऊन रस काढून घरी आणतात. इथलं माउलटाशन, म्हणजे सारण भरलेला पिठाचा पदार्थ, त्याच्या नावाला २००९ पासून युरोपात संरक्षण आहे, आणि ते सुपरमार्केटात त्याच नावाने, मानांकनाच्या चिन्हासकट मिळतं. हे लोक आपल्यापेक्षा परंपराप्रेमी आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी शेजारच्या झाडाचं फळ आणि आपलं जेवण यांच्यामध्ये एक जागा उभी केली, जिथे पोतं घेऊन जाता येतं. तळकोकणात मे महिन्यात तालुक्यातालुक्यात अशी जागा हवी. पाऊस आला तरी सालं वाळतील अशी, आणि घरच्या दहा किलो रातांब्यांनाही नाही न म्हणणारी.

आई फोनवर विचारते, “सोलां संपली काय गो?” संपली म्हटलं की ती कुणाबरोबर तरी पाठवते. पण परदेशातल्या प्रत्येक घराला अशी आई नसते आणि माझी आईही किती वर्षं सोलं करणार? इथली आमची मंडळी गणपतीला मोदकाची पिठी एकत्र मागवतात. तसंच एप्रिलमध्ये सिंधुदुर्गातल्या एखाद्या बचतगटाला आगाऊ पैसे देऊन आमसूल आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मागवता येईल, पुडीवर गाव आणि वर्ष लिहिलं पाहिजे या एका अटीवर. नारळ मग ज्याने त्याने आपापल्या सोयीचा घ्यावा.