३.४८ लाख कोटी ‘वाचले’, म्हणजे नेमकं काय झालं?

दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. आधार आणि डीबीटीमुळे (अनुदान थेट लाभार्थ्याच्या खात्यात) देशाचे ३.४८ लाख कोटी रुपये वाचले, एवढा पैसा आधी बोगस लाभार्थी खात होते. खाली ठरलेली ओळ: ‘आम्ही नाही, सरकारी अहवाल सांगतो.’

अहवाल आहे, हे खरं. पण ब्लूक्राफ्ट डिजिटल फाउंडेशन या बिगरसरकारी संस्थेचा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने त्याला प्रसिद्धी दिली. पण हा पैसा कुठल्या खात्यात जमा झालेला नाही. नावं कापली नसती तर इतका खर्च झाला असता, असा तो अंदाज आहे.

‘पण गॅसचं अनुदान तर डोळ्यांदेखत कमी झालं!’ झालं की. एप्रिल ते डिसेंबर २०१४ मध्ये गॅसच्या अनुदानावर सुमारे ३५,४०० कोटी गेले, पुढच्या वर्षी त्याच नऊ महिन्यांत १२,०८४ कोटी. फरक २३,३१६ कोटींचा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१६ च्या अहवालात त्याची फोड केली, तेव्हा अनुदानित सिलिंडरची उचल घटल्यामुळे वाचलेले फक्त १,७६४ कोटी निघाले. बाकी सगळी कृपा उतरलेल्या तेलाच्या भावाची. म्हणजे बचतीच्या दाव्याला सरकारी अहवालानेच उत्तर दिलेलं आहे. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘जागतिक बँकसुद्धा म्हणाली.’ म्हणाली, २०१६ साली: आधारमुळे वर्षाला ११ अब्ज डॉलर वाचू शकतात. बँकेने ज्या टिपणाचा हवाला दिला होता, त्यात हा आकडा बचतीचा नव्हताच. काही योजनांतून वाटल्या जाणाऱ्या एकूण रकमेचा होता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी ही गफलत दाखवून दिली.

आता मुख्य गोष्ट, रेशन. ३.४८ लाख कोटींपैकी १.८५ लाख कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त, एकट्या रेशनचे. रद्द केलेली सगळी कार्डं ‘बोगस’ होती असं मेसेज गृहीत धरतो. डीबीटीच्या सरकारी तक्त्यात शेऱ्याचा रकाना वाचा: त्यांत स्थलांतर, मृत्यू, आर्थिक स्थितीत बदल यांमुळे रद्द झालेली कार्डंही धरली आहेत. म्हातारा वारला आणि नाव कमी झालं, यात कोणता चोर पकडला?

आणि नाव कापलं म्हणून धान्य वाचतं का? अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्राला ती ७ कोटी १६ हजार. यालाच पुरवठा खात्यात इष्टांक म्हणतात. नव्या सुनेचं, बाळाचं नाव चढवायला तहसीलला गेलेल्या कोणालाही विचारा, ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर त्याला पाठ असेल. यादीतली नावं कमी झाली की त्या जागी खोळंबलेली नावं घ्यायची, अशी ही रचना. ते योग्यच आहे. फक्त तेच धान्य दुसऱ्या घरात गेलं, तर त्याला बचत कसं म्हणायचं? किराणा एका पिशवीतून दुसरीत ओतला म्हणून महिन्याचा खर्च कमी होत नाही.

‘म्हणजे तुम्ही चोरांच्या बाजूने!’ रेशनचा माल काळ्या बाजारात जायचा, दुकानदार कार्डं स्वतःकडे ठेवून घ्यायचे, हे कोणी नाकारत नाही. पण कात्री कोणावर चालली तेही बघावं लागतं. झारखंडमधल्या १० जिल्ह्यांत २०१६ ते २०१८ दरम्यान रद्द झालेल्या कार्डांपैकी काही निवडून अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी त्यांची घरोघर जाऊन पडताळणी केली. सुमारे ८८ टक्के कार्डं खऱ्या, नांदत्या कुटुंबांची निघाली. त्यांना न मिळालेलं धान्य कुठल्या रकान्यात धरलं, ते डीबीटीच्या तक्त्यात लिहिलेलं नाही.