‘कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांत नर्स’: फिरत्या संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वारंवार येतो. शब्द बदलतात, दावे तेच असतात: "एच-४ वर नुसतं घरी बसू नका. कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश सगळ्यांना मिळतो. भारतातली बीएस्सी, बीफार्म, बीएएमएस असेल तर सायन्सचे विषय माफ. प्रवेश परीक्षा नावापुरती. लसी आणि कागदपत्रं नंतर बघता येतात. खर्च नगण्य. दोन वर्षांत आरएन, आणि नर्सला ग्रीन कार्ड लगेच."

(एच-४ म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा; आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्स.) मार्ग खरोखर चांगला आहे, म्हणूनच या संदेशाला उत्तर द्यायला हवं. त्यावर विसंबून चुकीच्या क्रमाने पावलं टाकली तर वर्ष-दोन वर्षं सहज वाया जातात. नियम राज्यागणिक बदलतात. इथे कॅलिफोर्निया धरलं आहे. कुपर्टिनोचं डी अँझा, सॅन होजेचं एव्हरग्रीन व्हॅली, हेवर्डचं शाबो, नुअर्कमधला ओलोनीचा परिसर अशी आरएन अभ्यासक्रमाची कॉलेजं बे एरियातल्या मराठी घरांच्या जवळच आहेत.

"प्रवेश सगळ्यांना मिळतो."

कॉलेजात मिळतो, नर्सिंगच्या वर्गात नाही. हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिला अर्ज भरला की विद्यार्थी क्रमांक मिळतो आणि केमिस्ट्री, इंग्रजी, अ‍ॅनाटॉमी घेता येतात. नर्सिंगचा अर्ज हे विषय झाल्यानंतरचा. तो ठरावीक काळातच, काही आठवड्यांपुरता उघडतो, आणि जागा मोजक्या असतात, कारण रुग्णालयांत क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णसेवेच्या प्रत्यक्ष सरावासाठी, मिळणाऱ्या जागा आणि शिकवणाऱ्या नर्सेस दोन्ही मर्यादित आहेत.

निवडीच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एक जुनं सूत्र चारच गोष्टी मोजतं: कॉलेजचा एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी), इंग्रजीचा जीपीए, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी-मायक्रोबायॉलॉजी या तिघांचा जीपीए, आणि हे तीन विषय किती वेळा पुन्हा घ्यावे लागले ते. दुसरी पद्धत गुणांची: ग्रेड, परीक्षेचे गुण, आधीची पदवी, आरोग्यक्षेत्रातलं काम किंवा स्वयंसेवा, आयुष्यातली कठीण परिस्थिती, आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. काही कॉलेजं पात्र अर्जांतून सोडत काढतात.

या यादीतल्या भाषेकडे आपली माणसं हमखास दुर्लक्ष करतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गुणांसाठी धरायच्या भाषांमध्ये स्पॅनिश, टागालोग, अरबी यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या भाषाही आहेत. म्हणजे मराठीला गुण मिळू शकतात. पण ‘मातृभाषा मराठी’ एवढं लिहून भागत नाही, पुरावा लागतो. पुरावा कोणता चालेल हे प्रत्येक कॉलेजच्या अर्जपत्रिकेत दिलेलं असतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर मराठी विषय असेल तर ती जपून ठेवा आणि चालते का ते लेखी विचारून घ्या.

"दोन वर्षांत आरएन."

दोन वर्षं ही फक्त नर्सिंगच्या वर्गाची. त्याआधीचा हिशेब मांडून बघा. बऱ्याच कॉलेजांत फिजिऑलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी घ्यायच्या आधी केमिस्ट्री लागते. म्हणून पहिल्या फॉल सेमेस्टरमध्ये केमिस्ट्री आणि इंग्रजी लेखन. स्प्रिंगमध्ये अ‍ॅनाटॉमी आणि संख्याशास्त्र. उन्हाळ्यात मानसशास्त्र. दुसऱ्या फॉलमध्ये फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी. त्यानंतर अर्ज, मग निकालाची वाट आणि पुढच्या फॉलला वर्ग सुरू. सगळं पहिल्याच फटक्यात जमलं तरी एनक्लेक्स या नर्सच्या परवाना परीक्षेपर्यंत जवळपास चार वर्षं होतात.

मधे एक अडचण ठरलेली: "विषय चालू आहे" असं असताना बरीच कॉलेजं अर्ज घेत नाहीत. ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर चढलेली असावी लागते. फॉलचे निकाल डिसेंबरअखेर लागतात आणि अर्जाची मुदत त्याआधीच संपत असेल, तर एक पूर्ण फेरी हुकते. म्हणून वेळापत्रक अर्जाच्या तारखेपासून उलटं आखायचं.

"भारतातली डिग्री असेल तर सायन्स माफ."

संदेशातला सर्वांत महागात पडणारा दावा हाच. बीएएमएस करताना अ‍ॅनाटॉमीचं विच्छेदन केलेलं असतं, बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी तीन वर्षं शिकलेली असते, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे. पण अडतं ते तीन ठिकाणी. परदेशातले प्रयोगशाळेसह केलेले सायन्सचे विषय कित्येक कॉलेजं प्रीरिक्विझिट (नर्सिंगच्या आधी पूर्ण करायचे विषय) म्हणून मुळीच धरत नाहीत. जी धरतात त्यांच्यापैकी अनेकांना ते गेल्या पाच ते सात वर्षांतले हवे असतात. आणि आपल्या गुणपत्रिकेवर थिअरीचे नि प्रॅक्टिकलचे गुण असतात, पण प्रयोगशाळेचे तास किंवा युनिट (विषयाचे श्रेयांक) नसतात, त्यामुळे समतुल्यता सिद्ध करणं अवघड जातं. इंग्रजी लेखनाचा विषय तर बहुतेक ठिकाणी इथेच करावा लागतो, भारतातलं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं असलं तरी.

म्हणून डिग्री बाजूला ठेवू नका, तिचा योग्य जागी उपयोग करा. आधीच्या पदवीचे गुण मिळू शकतात, आणि काही कॉलेजांत मानसशास्त्र किंवा सामान्य शिक्षणाचे विषय सुटू शकतात. त्यासाठी नॅसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही त्यांपैकी एक. अहवाल दोन प्रकारचे असतात. नुसती पदवी कशाच्या बरोबरीची आहे ते सांगणारा स्वस्त असतो आणि इथे निरुपयोगी ठरतो. प्रत्येक विषयाचं नाव, युनिट आणि ग्रेड देणाराच मागवा. त्याआधी कॉलेजला विचारा की कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो.

ट्रान्सक्रिप्ट मागवताना दोन गोष्टी अडतात. एक, घरी असलेल्या गुणपत्रिकेची रंगीत प्रत सहसा चालत नाही. विद्यापीठाकडून थेट गेलेलं ट्रान्सक्रिप्ट लागतं. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून ते निघायला वेळ लागतो. सुट्टीत भारतात जाणार असाल तर अर्ज आणि शुल्क तेव्हाच भरून या. दुसरी अडचण नावाची: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर लग्नानंतरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडलं नाही तर फाइल तिथेच थांबते.

इथे विषय घेताना ग्रेडचा एक सापळा आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ‘सी’ किंवा त्याहून चांगली ग्रेड मिळालेला विषय गुण वाढवण्यासाठी पुन्हा घेता येत नाही, थोडे अपवाद सोडले तर. अ‍ॅनाटॉमीत ‘सी’ आला की तो कायमचा जीपीएत बसला. नापास झालात तर पुन्हा घेता येतो, पण पुनरावृत्ती मोजली जाते. मुदतीनंतर सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ म्हणून दिसतो आणि काही कॉलेजं तोही एक प्रयत्न धरतात. मात्र सुरुवातीच्या ठरलेल्या तारखेच्या आत सोडला तर काहीच नोंद राहत नाही. ही तारीख पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच येते. ती कॅलेंडरवर लिहा, पहिली चाचणी तिच्याआधी आहे का ते बघा, आणि घरातलं लहान मूल, नवऱ्याची बदली, भारतात जाणं यांपैकी काही डोक्यावर असेल तर निर्णय तेव्हाच घ्या. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकाच सेमेस्टरमध्ये घेऊन दोन्हींत ‘सी’ मिळवण्यापेक्षा एक सेमेस्टर जास्त लागलेलं पुष्कळ बरं.

क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजांत अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी तीन भागांच्या मालिकेत शिकवतात. दोन भाग करून सेमेस्टर पद्धतीच्या कॉलेजात गेलात तर अर्धवट मालिका बहुधा धरली जात नाही. मालिका जिथे सुरू कराल तिथेच संपवा.

"प्रवेश परीक्षा नावापुरती."

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत प्रामुख्याने टीज ही परीक्षा लागते. तिची सातवी आवृत्ती जून 2022 पासून आहे: 170 प्रश्न, 209 मिनिटं. वाचन 45, गणित 38, विज्ञान 50, इंग्रजी 37. यांपैकी 20 प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. किमान 62 टक्के लागतात.

आपल्याकडची मुलं गणितात सहसा अडकत नाहीत. अडकतात ती वेळेत आणि विज्ञानात, कारण विज्ञानात सर्वांत मोठा वाटा शरीरशास्त्राचा असतो. म्हणून फिजिऑलॉजी झाल्यावर, ती डोक्यात ताजी असताना परीक्षा द्यावी. 62 च्या खाली गेलात तर पुन्हा बसण्याआधी कॉलेज तयारीचा कार्यक्रम पूर्ण करायला लावतं, आणि काही कॉलेजं पहिल्यांदा उत्तीर्ण झालेलेच गुण धरतात. "एकदा देऊन तर बघू" असा प्रयत्न इथे करू नका. जिथे गुणांची पद्धत आहे तिथे 62 ही फक्त उंबरठ्याची रेघ, स्पर्धा तिच्या बरीच वर चालते.

"लसी आणि कागदपत्रं नंतर बघता येतात."

प्रवेशपत्र आल्यावर हाती काही आठवडेच असतात. हेपेटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची रक्ततपासणी. हे आठवड्यांत बसत नाही. अर्जाच्या वर्षभर आधी सुरू करा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांसाठी दोन-दोन डोसांचा किंवा रक्ततपासणीचा पुरावा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असं आई सांगते, ते कागदावर चालत नाही. तपासणी करून घ्या. धनुर्वाताची टीडॅप दहा वर्षांतली हवी.

क्षयाची तपासणी आपल्यासाठी खास महत्त्वाची. भारतात जन्मलेल्या बहुतेकांना बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे आणि डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू होतात. सुरुवातीलाच रक्तावरची क्वाँटिफेरॉनसारखी चाचणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. गोवराची लस आणि क्षयाची चाचणी एकतर एकाच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा.

सीपीआरचं प्रमाणपत्र अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस या जीवरक्षण प्रशिक्षणाचं, बाहुल्यावर प्रत्यक्ष सराव असलेलं घ्या. निव्वळ ऑनलाइन प्रमाणपत्र परत येतं. अमली पदार्थांच्या चाचणीत गांजा आढळला तर राज्यात तो कायदेशीर असल्याची सबब रुग्णालयं ऐकत नाहीत.

"खर्च नगण्य."

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर पडतात, हे खरं. 70 युनिटांचे 3,220. परंतु रहिवासी ठरायला राज्यात वर्षाहून अधिक वास्तव्य आणि त्याचा पुरावा लागतो. एच-४ वर असलेल्यांना तो देता येतो. तो नसेल तर युनिटमागे अनेक पट पैसे पडतात. शिवाय पुस्तकं, गणवेश, लसी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी, एनक्लेक्सची 200 डॉलर नोंदणी आणि परवान्याचं शुल्क. पेल ग्रँट हे सरकारी शिक्षण-अनुदान एच-४ ला मिळत नाही.

"नर्सला ग्रीन कार्ड लगेच."

नर्स ‘शेड्यूल ए’ या सरकारी व्यवसाय-यादीमध्ये येते, म्हणून मालकाला कामगार प्रमाणपत्राची पायरी गाळता येते. संदेशात इथपर्यंत तथ्य आहे. पुढची रांग मात्र जन्माच्या देशाप्रमाणे लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ ची (नर्स ज्यात येते त्या ग्रीन कार्ड वर्गाची) रांग दहा वर्षांहून लांब आहे. एडीएनवर, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातल्या दोन वर्षांच्या नर्सिंग पदवीवर, एच-१बी मिळणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे कामाची परवानगी कुठून येणार हे आधी ठरवा. एच-४ वर शिकता येतं, क्लिनिकलही करता येतं, पण नोकरीसाठी ईएडी (कामाची परवानगी) लागते, आणि ती 2015 पासून मुख्यतः ज्या एच-१बी जोडीदाराचा आय-१४० (मालकाने केलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर आहे त्याच्याच पती-पत्नीला मिळते. कॅलिफोर्नियात सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी आयटिन या करासाठीच्या क्रमांकावर परवान्याचा अर्ज करता येतो, पण परवाना म्हणजे कामाची परवानगी नव्हे.

या संदेशाखाली हमखास उमटणारा दुसरा सूर म्हणजे "एडीएनला कुणी विचारत नाही, बीएसएनच (चार वर्षांची नर्सिंग पदवी) हवं". एनक्लेक्स दोघांना एकच आणि परवानाही एकच. मोठी रुग्णालयं बीएसएनला पसंती देतात हे खरं, पण नोकरी करत पुढचं बीएसएन पूर्ण करता येतं.

आणि भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या भगिनींनी पहिल्या वर्षापासून कम्युनिटी कॉलेज करण्याची गरजच नाही. त्यांनी राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे परदेशी पदवीधर म्हणून अर्ज करावा. बोर्डाला एखाद्या विषयाचे थिअरी किंवा क्लिनिकल तास कमी वाटले तर तेवढीच भरपाई मागितली जाते. बाकीच्यांनी कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ घेताना चालू वर्षाची अर्जपत्रिका छापून न्यावी, तिच्यावर आपले विषय, ग्रेड आणि वर्षं मांडावीत, आणि जे उत्तर मिळेल ते ईमेलवर मागून घ्यावं, कारण निकष दरवर्षी बदलू शकतात.