गाडी बिघडवावी कशी?

पावसाळा आलाय. मोटारसायकलचा विमा भरलेला आहे, तेव्हा काळजी नको. फक्त गाडी बिघडवायची पद्धत शिकून घ्या.

झिजून काही जाऊ देऊ नका. क्लच प्लेट, चेनसेट झिजले तर ते तुमचं नशीब, विमा पैसे देत नाही. जे मोडायचं ते आपटूनच मोडा.

भरपाई देताना प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. पडताना शक्यतो आरशावर पडा.

आता पाणी. ठाण्यात वंदनापाशी गुडघाभर पाणी असेल (असेल कसलं, असतंच) आणि गाडी मधोमध बंद पडली, तर स्टार्टरला हात लावायचा नाही. मागचा बसवाला हॉर्नने कान फाडू दे, आपण विठोबासारखं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. मी नाही राहिलो. बायको मागे भिजत होती, बटण दाबलं. एकदाच. टक् झालं आणि सगळं गप्प. गॅरेजवाल्याने प्लग काढला तर आतून पाणी उडालं. कनेक्टिंग रॉड वाकलेला, खर्च १४,६०० रुपये.

चौथ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. फोटो काढले आणि मायेने विचारलं, "काका, बंद पडल्यावर एकदा स्टार्ट करून बघितलीच असेल ना?" मी म्हटलं, "हो, एकदा." खरं बोललो! शाळेत शिकवलेलं असं नडतं. ऑइल आणि एअर फिल्टरचे पैसे मंजूर. इंजिन म्हणे 'परिणामी नुकसान' (म्हणजे पाण्याने नाही, नंतर मी बटण दाबल्याने झालेलं), पॉलिसीत बसत नाही. मंजूर झालेले सहाशे घेतले तर ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, ते वेगळंच. "तुम्ही इंजिन प्रोटेक्ट घेतलं नव्हतं, सर," कंपनीची फोनवरची मुलगी म्हणाली. म्हणजे इंजिनासाठी जादा पैसे भरून घ्यायचं वेगळं संरक्षण. घेणार कसं? विकणाराच म्हणाला होता, टू-व्हीलरला कशाला!

पुरे झाली थट्टा. अरे, दरवर्षी जिथे पाणी तुंबतं तिथल्या माणसाला पॉलिसी विकताना 'पाण्यात बंद पडली तर चालू करू नका' एवढं एक वाक्य सांगायला जीभ झडते का तुमची? हप्ता चुकला की दिवसाला चार मेसेज येतात, तेव्हा बरी वळते!

आणि तुम्ही हसू नका. पॉलिसी उघडा, इंजिन प्रोटेक्ट आहे का बघा. नाही ना? नकार आला तर लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा, ३० दिवसांत धड उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. माझा आज बाविसावा दिवस. गाडी गॅरेजात आहे, मी रिक्षाच्या रांगेत.